सराव आहे हे आधी सांगायलाच हवं

धाकट्या बहिणीकडे कॉल सेंटरमधल्या नव्या मुलांना शिकवायचं काम आलंय. काल तिने 'प्रसंगातून प्रशिक्षण : चार नियम' (म्हणजे बनावट प्रसंग उभा करून शिकवणं) हा फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, 'ताई, उद्यापासून हेच करणार.' अगं, नको करूस! हाच फॉरवर्ड मला याआधी तिघांनी पाठवलाय, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितेय.

पहिला नियम : 'सराव आहे हे सांगू नका, नाहीतर त्याचं नाटक होतं.' चारांत सगळ्यांत घातक हाच. १३ जानेवारी २०१८ ला अमेरिकेतल्या हवाई राज्याच्या आपत्कालीन केंद्रात पाळी बदलताना असाच न कळवता सराव घेतला. फोनवर ऐकवलेल्या संदेशात 'सराव, सराव, सराव' होतं, पण 'हा सराव नाही' हेही वाक्य होतं. एका कर्मचाऱ्याने ते खरं धरलं आणि क्षेपणास्त्र येतंय, आसरा घ्या, असा इशारा राज्यभर फोनवर गेला. ती चूक होती हे त्याच फोनवर कळायला ३८ मिनिटं लागली. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचा यावर चौकशी अहवाल आहे. दोष एकट्या कर्मचाऱ्याचा नव्हता. पाळी बदलताना न कळवता सराव घेणं हेही त्यात आलंय.

आणि तुझ्या वर्गात काय होईल? चौथ्या दिवशीची मुलगी, हेडफोनमध्ये ओरडणारा 'ग्राहक' शेजारच्या खोलीतला. ती रडकुंडीला येते, मग सगळे हसत बाहेर येतात. परतावा कसा द्यायचा हे ती शिकत नाही. पुढच्या प्रत्येक कॉलला 'हाही खोटाच का' हे ताडत बसते, आणि पलीकडे खरोखर पैसे अडकलेला माणूस असतो.

वैमानिकाला आपण सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, आहोत हे पक्कं ठाऊक असतं, तरी इंजिन बंद पडलं की घाम फुटतोच. ते कधी बंद पडणार, हे मात्र सांगितलेलं नसतं. एवढ्यापुरतं फॉरवर्डचं मान्य : पेपर फुटला की परीक्षेला अर्थ नाही. पण परीक्षा आहे हेच लपवायचं?

दुसरा : 'सगळं हुबेहूब हवं.' हुबेहूब हवा तो पेच. ग्राहक म्हणतो पैसे आले नाहीत, स्क्रीनवर परतावा झालेला दिसतोय, विचारायला वरिष्ठ जागेवर नाहीत. आता काय बोलशील? हे कागदावर लिहून दिलं तरी चालतं.

तिसरा, 'वाचलेलं १० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं.' हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवतात. शिकण्याचे अनुभव शंकूच्या आकृतीत मांडलेल्या त्यांच्या १९४६ च्या 'अनुभवाच्या शंकू'त एकही टक्केवारी नव्हती.

चौथा : 'नंतर चर्चा नको, अनुभवच गुरू.' मग चुकलेला अनुभव चुकीचंच पक्कं करणार. वीस मिनिटांचा प्रसंग घेतलास तर निदान तेवढाच वेळ बोलायला ठेव. 'त्या क्षणी तुला समोर काय दिसत होतं?' इथून सुरुवात कर.

ओरडणारा ग्राहक हवाच असेल तर ठेव. फक्त सकाळीच सांग : ११ ते १२ सगळे कॉल सरावाचे, सहन होईना तर हात वर करा, तिथेच थांबवू.