‘मनातलं कुणाला सांगू नका’ हा सल्ला माणसाला एकटं पाडतो

‘आपलं दुःख कुणालाही सांगू नका. ८० टक्के लोकांना त्याची पर्वा नसते आणि उरलेल्या २० टक्क्यांना आनंदच होतो. आज सांगितलेलं उद्या तुमच्याच विरुद्ध वापरलं जातं. खंबीर माणूस स्वतःच स्वतःला सावरतो. आपल्या आज्यांनी कुठे कुणाला मनातलं सांगितलं? तरी संसार निभावलेच ना!’

थोड्याफार फरकाने हा मजकूर बहुतेकांच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. पाठवणारा अनेकदा स्वतःच कुठेतरी पोळलेला असतो, त्यामुळे त्याच्यावर माझा राग नाही. सल्ल्यावर मात्र आहे.

आधी ते ८०-२०. हे वाक्य इंग्रजीत अमेरिकी फुटबॉल प्रशिक्षक लू होल्ट्झ यांच्या नावावर फिरतं. तो कुठल्या पाहणीचा निष्कर्ष नाही, टाळ्या घेणारं वाक्य आहे. शिवाय ८० आणि २० मिळून १०० झाले. मग रात्री दीड वाजता फोन उचलणारी तुमची बहीण या शंभरात कुठे बसवायची?

‘सांगितलेलं विरुद्ध वापरलं जातं’ हा मुद्दा खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. भांडणात नेमकी तीच जुनी गोष्ट उकरून काढणारे असतात. ‘कुणाला सांगू नकोस हं’ म्हणत चार जणांना सांगणारेही असतात. एकदा असा घाव बसला की तोंड मिटतं, ते वर्षानुवर्षं. पण यावरून फार तर एवढंच ठरतं की सगळं सगळ्यांना सांगू नये. कुणालाच काही सांगू नये, हे कुठून आलं?

विश्वास आधी पूर्ण बसेल आणि मग आपण बोलू, असं होत नसतं. तो थोडं थोडं बोलूनच बसतो. टपरीवर चहा घेताना सहकाऱ्याला एवढंच सांगा, ‘सध्या रात्री झोप लागत नाहीये.’ मग बघा काय होतं. एक जण लगेच स्वतःच्या ॲसिडिटीवर येतो. दुसऱ्याला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत अख्ख्या ऑफिसला कळलेलं असतं. तिसरा तेव्हा फारसं बोलत नाही, पण दुसऱ्या दिवशी जिन्यात हळूच विचारतो, ‘काल लागली का?’ पुढची गोष्ट या तिसऱ्याला सांगायची. पहिल्या दोघांपायी फार काही गेलेलं नाही, कारण सांगितलं होतं तेच बेताचं. गप्प राहणाऱ्याला मात्र हा तिसरा कधी सापडतच नाही.

मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच वाटेने जातो. अनोळखी माणसांच्या जोड्या केल्या, ३६ प्रश्न दिले. सुरुवातीचे साधे, पुढचे हळूहळू खोलात जाणारे, आणि उत्तरं दोघांनीही द्यायची. साधारण पाऊण तासानंतर या जोड्यांना नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. सगळी मदार पायरीपायरीने जाण्यावर आणि दोन्ही बाजूंनी बोलण्यावर होती. पहिल्याच भेटीत सगळं ओतणं हा मोकळेपणा नव्हे, त्याने समोरचाही बिचकतो.

आता खंबीरपणा. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात लोकांना भावना चाळवणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. काहींना चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका असं बजावलं होतं. त्यांचे चेहरे शांत राहिले, शरीरावरचा ताण मात्र वाढला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यात १,२२,७२४ पुरुष होते. आत्महत्येमागे कारणं अनेक असतात, एकाकडे बोट दाखवता येत नाही. तरीही हा आकडा समोर असताना ‘पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय’ हे वाक्य पोरांच्या कानावर घालत राहायचं का, हे प्रत्येक घराने ठरवावं.

आज्यांबद्दलचं विधान तर धडधडीत चूक आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. सासुरवास, माहेरची ओढ, भावाची वाट, नवऱ्याचा मार, सगळं त्यात आहे. पहाटेचा अंधार, एका खुंट्यावर दोघींचे हात, नजर दाण्यांवर. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते अशा वेळी बाहेर पडतं. एकीने ओळ सोडायची, दुसरीने उचलायची. आज्या गप्प नव्हत्या. पुरुषांच्या बैठकीत बोलत नव्हत्या, एवढंच.

‘पण सांगून प्रश्न सुटतो का?’ असंही कुणीतरी विचारतंच. कर्ज बोलून फिटत नाही, हे कबूल. पण अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला आणि धीर द्यायला शिकवलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी सुमारे ४ टक्के होते, दीड वर्षाने ते सुमारे २७ टक्के झाले. लोकांना बोलायचंच नव्हतं असं नाही, ऐकणारं कुणी जवळ नव्हतं.

आणि ज्यांना खरोखरच आजूबाजूला असं कुणी दिसत नाही, त्यांनी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये ठेवावा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.