लाज नव्हे, बेरीज

नारायण पेठेतल्या माझ्या मावसभावाने परवा घरच्या ग्रुपवर पुन्हा तेच टाकलं: ‘तिकडे वाढदिवसाच्या केकवरून पंतप्रधान घरी जातो. आमच्याकडे काहीही करा, खुर्ची हलत नाही. शेवटी लाज असावी लागते.’ खाली सतरा अंगठे. त्यातला एक माझ्या आईचा.

इंग्लंडमधल्या रेडिंगला येऊन चौदा वर्षं झाली, तरी असलं काही वाचलं की डोकं फिरतं. इंग्रजांच्या लाजेची आरती पुण्यात बसूनच म्हणता येते. तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना एप्रिल 2022 मध्ये पोलिसांनी दंड केला, कारण वाढदिवसाच्या त्या केकसाठी जमून लॉकडाउनचे नियम मोडले होते. तो त्यांनी भरला, माफी मागितली आणि कामाला लागले. 6 जूनला त्यांच्याच हुजूर पक्षाच्या खासदारांनी त्यांच्यावर विश्वास आहे का यासाठी गुप्त मतदान केलं: 211 बाजूने, 148 विरोधात. म्हणजे दादा, केक पचला होता.

मग 23 जूनला हुजूर पक्ष दोन पोटनिवडणुका हरला. त्यातली टिव्हर्टनची जागा आधी 24 हजारांच्या मताधिक्याने जिंकलेली. मागच्या बाकावरच्या खासदारांना घाम फुटला तो तिथे. आठवड्याभरात एका उपप्रतोदाच्या गैरवर्तनाचं प्रकरण निघालं, त्याच्याबद्दलच्या जुन्या तक्रारी जॉन्सनसाहेबांच्या कानावर घातल्या होत्या हेही बाहेर आलं, आणि दोन-तीन दिवसांत पन्नासहून जास्त मंत्री-पदाधिकाऱ्यांनी राजीनामे टाकले. 7 जुलैला जॉन्सननी जात असल्याचं जाहीर केलं. यात लाज कुठे आहे? आपली जागा वाचते की जाते, याची बेरीज आहे.

कसब्याची पोटनिवडणूक आठवा, मार्च 2023. भाजपने 1995 पासून हातात असलेली जागा काँग्रेसपुढे गमावली. मुंबईत कुणाची खुर्ची करकरली? नाही. कारण तिकीट वरून येतं. इथे ब्रिटनमध्ये उमेदवार निवडताना गावातल्या शाखेचे सभासद मत देतात, आणि आमचा खासदार शनिवारी सकाळी लायब्ररीत बसून गटारांच्या तक्रारी ऐकतो. (हे लिहिताना छाती जरा फुगली, कबूल.)

शिवाय 1985 चा पक्षांतरबंदी कायदा. विश्वासदर्शक ठरावावर पक्षाचा व्हिप, म्हणजे आदेश, मोडला की आमदारकी धोक्यात. आधी एक तृतीयांश फुटले तरी चालायचं, 2003 मध्ये तीही पळवाट बुजवली. आता बंड करायचं तर घाऊक, सुरतमार्गे गुवाहाटी. तेही 2022 च्या त्याच जूनमध्ये झालं. उद्धव ठाकरेंचा राजीनामा जॉन्सनच्या आठ दिवस आधीचा. आपल्याकडे मुख्यमंत्री प्रकरणांवरून जातच नाहीत असं नाही. अंतुले 1982 मध्ये गेले, अशोक चव्हाण 2010 मध्ये. पण एकाला कोर्टाच्या निकालाने घालवलं, दुसऱ्याला पक्षश्रेष्ठींनी. आमदारांनी नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. तासाभराने दादाचं उत्तर: ‘बरं. तू मत कुठे देतोस?’

याचं उत्तर मी दिलेलं नाही. 13 मे 2024 ला पुण्यात लोकसभेचं मतदान होतं. परदेशातल्या नागरिकाला नाव नोंदवता येतं, फक्त केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. मी नावच नोंदवलं नाही. विमानाचं तिकीट महाग होतं म्हणून नव्हे, लक्षातच आलं नाही. 4 जुलैला ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीला मात्र इथल्या प्राथमिक शाळेत रांगेत उभा होतो. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून आम्हाला इथे मत आहे, आणि ओळखपत्र म्हणून आपला भारतीय पासपोर्ट चालतो. टेबलावरच्या बाईंनी तो उघडला, फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, ‘लव्हली’ म्हणाल्या आणि यादीत पट्टीने रेघ मारली. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने मी फुली केली. त्या निळ्या पासपोर्टात जन्मस्थानापुढे छापलेलं होतं: पुणे.

इथे शाई लावत नाहीत. मे महिन्यात ग्रुपवर सगळ्यांनी शाईची बोटं टाकली होती, आईने सुद्धा, तिचं जरा हललेलं. मी खाली अंगठा टाकला होता.