पिणाऱ्यांचा आकडा कुठे आहे?

जून २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटींवर नेलं, तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुरळा उडाला. एक गट म्हणे, गरिबाची क्वार्टर महाग केली. दुसरा म्हणे, लाडक्या बहिणींचे पैसे कुठून तरी यायलाच हवेत. सरकारनेही आडपडदा ठेवला नव्हता. वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल मिळेल, हे सांगूनच निर्णय झाला होता. भाव वाढल्यावर माणसं कमी मरतील का, हे मात्र ना सरकारने विचारलं, ना ग्रुपवर कुणी.

मी ग्लासगोत राहते. इथे भाववाढीची सुरुवातच या प्रश्नापासून झाली. १ मे २०१८ पासून स्कॉटलंडमध्ये दारूच्या दर युनिटला, म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला, ५० पेन्स हा किमान भाव ठरला. सप्टेंबर २०२४ अखेर तो ६५ पेन्स झाला. त्यामुळे व्हिस्कीची साधी ७०० मिलीची बाटली १८ पौंड २० पेन्सच्या खाली विकताच येत नाही. व्हिस्की उत्पादकांची संघटना याविरुद्ध ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१७ मध्ये हरली. शिवाय हा कर नाहीच. वाढीव पैसा विकणाऱ्यांकडेच राहतो (यावरून इथे अजून वाद होतात, आणि ते रास्त आहेत). पाच वर्षांनी सरकारी आरोग्य संस्थेने हिशेब मांडला. निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू, हा नियम नसता तर जितके झाले असते त्यापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी भरले. पण पक्कं व्यसन लागलेल्यांचं पिणं कमी झाल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही आणि काहींनी तर जेवणाला कात्री लावून बाटली घेतली, हेही त्याच हिशेबात छापलं.

‘बघा, परदेशात कसं’ असला सूर मला लावायचा नाही. जेमतेम ५५ लाख वस्तीच्या या देशात २०२४ मध्ये ड्रग्जमुळे १,०१७ माणसं गेली. युरोपात हे प्रमाण वर्षानुवर्षं सर्वांत वाईट आहे, आणि गरीब वस्त्यांमध्ये ते सुखवस्तू वस्त्यांच्या दहापटींहून जास्त आहे. हेरॉइनच्या जोडीला गल्लीत मिळणाऱ्या बनावट झोपेच्या गोळ्या असतात. बरेच जण एकट्याच्या घरात मरतात, दार ठोठावायलाही कुणी नसतं.

पण मला हे आकडे पाठ आहेत, कारण ते दरवर्षी जाहीर होतात. पहिल्या पानावर येतात, विधिमंडळात मंत्र्याला उभं करतात. डिसेंबर २०२० मध्ये आदल्या वर्षीच्या १,२६४ मृत्यूंचा आकडा आला आणि सार्वजनिक आरोग्य मंत्र्याला पद सोडावं लागलं. व्यसनी माणसांच्या मरणापायी मंत्रिपद गेल्याचं महाराष्ट्रात कुणाला आठवतंय का?

आपल्याकडे दारूने मेलेला माणूस कागदावर दारूने मरतच नाही. ‘लिव्हर गेलं होतं’, ‘झोपेतच अटॅक आला’ एवढंच तेराव्याला ऐकू येतं. यात लाज आहेच, पण त्याहून रोकडं कारण विम्याचं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि ड्रग्जशी जोडलेले मानसिक विकार आजारांत धरले, शारीरिक आजारांसारखंच त्यांनाही विमासंरक्षण द्या असं सांगितलं. पॉलिसीच्या मागच्या बारीक अक्षरांत मात्र दारू किंवा ड्रग्जच्या व्यसनावरचे उपचार आणि त्या व्यसनाचे परिणाम वगळल्याचं ठरलेलं कलम असतं. म्हणून पेशंटला दाखल करताना बायको डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणते, ‘पितात ते पेपरवर लिहू नका हो, नाहीतर क्लेम मिळणार नाही.’ ती चुकीचं काय बोलते? समोर लाखाचं बिल असतं. पण ते एक वाक्य न लिहिल्यामुळे त्या माणसाच्या व्यसनावर इलाज होत नाही, डिप्रेशनबद्दल कुणी विचारत नाही, आणि तो गेला की कुठल्याच आकड्यात नसतो.

आत्महत्यांची नोंद निदान होते. २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी जीव दिला, देशात सर्वाधिक. त्या वर्षीच्या देशभरच्या तक्त्यात ‘कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्के आणि व्यसन ६.८ टक्के. ज्याने असं एक घर आतून पाहिलंय त्याने सांगावं, कौटुंबिक समस्येच्या त्या रकान्यात बाटली किती वेळा आली असेल.

माझ्या घराखालच्या औषधाच्या दुकानात सकाळी एक जण येतो. फार्मासिस्ट त्याला कपात हिरवं मेथाडोन, म्हणजे हेरॉइनच्या व्यसनावरचं औषध, ओतून देते, तो काउंटरशीच उभ्याने पितो, वर घोटभर पाणी, आणि दोघं फुटबॉलवर दोन वाक्यं बोलतात. मागे रांगेत बीपीच्या गोळ्या न्यायला आलेली आजी. कुणी मान वळवून बघत नाही. याच गावातली आमची मराठी मंडळी मात्र इलाज फुकट असूनही तिकडे फिरकत नाहीत, कुणी ओळखीचं दिसलं तर काय घ्या! आणि मनाचा आजार व व्यसन एकत्र असलं की इथेही रडगाणं तेच: मानसोपचारवाले म्हणतात आधी दारू सोड, व्यसनवाले म्हणतात आधी डोकं ताळ्यावर आण.

एक गोष्ट सांगितली की इथले सहकारी चाट पडतात. आपल्या गावात २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दारूच्या दुकानावर मतदान होतं, चिन्हं उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीला मत दिलं की दुकान बंद. ग्लासगोतल्या कुठल्याही बाईच्या हातात एवढी ताकद नाही. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेलं ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र व्यसनी माणसाबरोबर त्याच्या बायकोलाही ‘सहचरी’ गटात बसवतं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्ती मोहिमेने बंदीच्या जोडीला गावसंघटना आणि उपचारही उभे केले, म्हणून ती मला पटते. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली, आणि सहा वर्षं वाद गाजला तो चोरट्या विक्रीचा आणि बुडालेल्या महसुलाचा.

दारूच्या व्यसनात अडकलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला देशात काहीतरी उपचार मिळतात, असं २०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत दिसलं. उरलेल्या ३७ जणांपर्यंत पोचायचं तर आधी पॉलिसीतलं ते कलम काढायला हवं. मग डॉक्टर खरं लिहितील, आणि राज्याला दरवर्षी जिल्हावार आकडा छापता येईल. अधिवेशनात उत्पादन शुल्काच्या महसुलाचा तक्ता मांडला जातोच, त्याच दिवशी हाही मांडावा.