पेडल ‘उडालं’ म्हणून टाकून देऊ नका

नाशिकच्या गिटारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय : चुकीचा अडॅप्टर लावला की पेडलमधला (म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डबीतला) आयसी, म्हणजे चिप, जळतो, असं पेडल दुरुस्त होत नाही, जास्त अँपिअरचा अडॅप्टर तर कधीच लावू नये, आणि प्रयत्न करायचाच असेल तर आतला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) कापून टाकावा, पेडल सुरू होतं. हे वाचून पोरं चांगली पेडलं भंगारात टाकतात. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राच्या बिदागीतून घेतलेली पेडलं असतात ती. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी आयसी जळण्याचं बघू. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनच्या आत मायनस, बाहेर प्लस असतं. हे उलटं वाटतं, पण त्याला कारण आहे. अडॅप्टरची पिन घातली की आतली बॅटरी आपोआप तुटावी, यासाठी सॉकेटमध्ये एक स्विच असतो आणि तो पिनच्या बाहेरच्या भागाशी जोडलेला असतो. बॅटरीचा प्लस त्या स्विचमधून नेला, म्हणून प्लस बाहेर आला. घरातल्या वायफाय राउटरचा अडॅप्टर बहुतेक वेळा १२ व्होल्टचा आणि आत प्लस असलेला. पिन मात्र तंतोतंत बसते, आणि घात तिथेच होतो.

अशा वेळी मार सहसा आयसीच्या आधी डायोड खातो. कित्येक पेडलांत सॉकेटजवळ प्लस आणि मायनसच्या मध्ये एक काळा डायोड आडवा लावलेला असतो. वीज उलटी आली की तो स्वतः वाहू लागतो आणि पुढच्या सर्किटवर जेमतेम एक व्होल्ट उलटा दाब येऊ देतो. तेवढ्यात अडॅप्टर बंद झाला नाही तर डायोड तापून कायमचा शॉर्ट होतो. मग बरोबर अडॅप्टर लावला तरी सगळी वीज त्याच्यातूनच निघून जाते, दिवा लागत नाही, आणि आपण म्हणतो, पेडल गेलं.

सिडकोतला एक मुलगा असंच ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारं, पेडल घेऊन आला होता. राउटरचाच अडॅप्टर लागला होता. मागचे चार स्क्रू काढले. सॉकेटमागे बोर्डचा कोपरा तपकिरी पडलेला, डायोडच्या अंगावर बारीक तडा. मल्टीमीटरच्या तारा दोन्ही बाजूंनी उलटसुलट लावून पाहिल्या, दोन्ही वेळा बीप. चांगला डायोड एकाच बाजूने वाहतो. त्याचा एक पाय सोल्डर तापवून उचलला आणि बोर्डवर पुन्हा मोजलं, शॉर्ट गेला होता. त्या जागी १एन४००७ बसवला, पट्ट्याची बाजू प्लसकडे. हा डायोड एमजी रोडवर दोन-चार रुपयांना मिळतो. थेट अडॅप्टर न लावता आधी बॅटरीच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टर घालून जोडलं, म्हणजे आत अजून कुठे शॉर्ट असला तरी ९० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जाऊ नये. दिवा लागला. त्या मुलाने तिथेच जमिनीवर बसून एक कॉर्ड वाजवली, आणि दोघांच्याही जिवात जीव आला.

डायोड कापून टाकण्याचा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे, आणि अर्धवट म्हणूनच धोक्याचा. कापल्यावर पेडल सुरू होतं हे खरं, पण आता त्याला राखणदार नाही. पुढच्या उलट्या अडॅप्टरला थेट आयसीच सापडेल. कापलात तर नवा बसवल्याशिवाय झाकण लावू नका.

अँपिअरची भीती पूर्ण चुकीची. पेडल त्याला हवा तेवढाच प्रवाह ओढतं. ओव्हरड्राइव्हला १० मिलिअँपिअर पुरत असतील तर अडॅप्टर ५०० मिलिअँपिअरचा असो की २ अँपिअरचा, काही बिघडत नाही. बघायचे ते व्होल्ट, डीसी आहे की एसी, आणि आत मायनस आहे का.

मेसेजमध्ये तथ्य आहे ते जास्त व्होल्टेजच्या बाबतीत. १८ व्होल्ट सरळ दिशेने आले तर हा आडवा डायोड काहीच करत नाही. टीएल०७२ सारखा, आवाजाचा सिग्नल वाढवणारा आयसी ते सहज सोसतो, पण १६ व्होल्टचे कपॅसिटर फुगू शकतात, आणि ज्या पेडलांत मॅक्स१०४४ हा व्होल्टेज उलटवणारा किंवा दुप्पट करणारा आयसी आहे तिथे त्याची मर्यादाच १० व्होल्ट आहे. तोही बोर्डवर थेट सोल्डर न करता आयसीच्या खाचेत बसवलेला असेल तर उपटून नवा घालता येतो. डिजिटल पेडलचा प्रोसेसर गेला तर मात्र मीही हात टेकतो. पण तिथेही आधी व्होल्टेज रेग्युलेटर तपासा, बऱ्याचदा तोच गेलेला असतो आणि प्रोसेसर शाबूत असतो.

सिडकोतल्या त्या मुलाने जाताना खडूसारखा पांढरा मार्कर मागून घेतला आणि आपल्या अडॅप्टरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : ९ व्होल्ट, आत मायनस.