बेक्ड बीन्सच्या डब्यात व्हिटॅमिन शोधणाऱ्यांसाठी

बेक्ड बीन्समध्ये, म्हणजे टोमॅटो सॉसमधल्या डबाबंद पांढऱ्या बीन्समध्ये, कुठकुठली व्हिटॅमिन्स असतात, असं कुणी विचारलं की मी म्हणते, डबा फिरवा आणि मागचं लेबल वाचा. ऊर्जा, फॅट, कार्ब्ज, साखर, फायबर, प्रोटीन, मीठ. संपलं. ब्रिटन आणि युरोपातल्या बहुतेक डब्यांवर व्हिटॅमिनचं नावही सापडत नाही. हा कंपन्यांचा विसराळूपणा नाही. तिथला नियम असा आहे की, १०० ग्रॅम पदार्थात एखादं व्हिटॅमिन दिवसाच्या ठरवून दिलेल्या मात्रेच्या किमान १५ टक्के असेल, तरच ते लेबलवर मिरवता येतं. डब्यावर स्वतःबद्दल चार चांगले शब्द छापायची एकही संधी न सोडणाऱ्या कंपन्या इथे गप्प बसतात, यात काय ते समजून घ्यावं. अमेरिकेत ड जीवनसत्त्वाचा आकडा लेबलवर द्यावाच लागतो. तिथे बीन्सच्या डब्यावर शून्य छापलेलं असतं.

एवढं वाचून मी बेक्ड बीन्सच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. मला ते आवडतात, मी ते खाते आणि खा म्हणूनही सांगते. तक्रार वेगळीच आहे. आपण त्यांचं कौतुक करतो ते भलत्याच गोष्टीसाठी, आणि नावं ठेवतो तीही भलत्याच गोष्टीला.

कौतुकापासून सुरू करू. "बीन्स म्हणजे फोलेटचा खजिना" हे वाक्य आरोग्याच्या पोस्टींमधून सतत फिरत असतं. फोलेट म्हणजे ब गटातलं नववं जीवनसत्त्व. नवीन पेशी तयार व्हायला लागतं, गरोदरपणात तर फारच महत्त्वाचं. वाक्य खोटं नाहीये. ते कोरड्या बीन्सबद्दल खरं आहे. बेक्ड बीन्ससाठी नेव्ही बीन्स वापरतात, म्हणजे राजम्याच्याच जातीचे छोटे पांढरे दाणे. कोरड्या १०० ग्रॅम दाण्यांत साधारण ३६० मायक्रोग्रॅम फोलेट असतं. साधे उकडून घेतले की १०० ग्रॅममध्ये साधारण १४० उरतं. यातली बरीचशी घट खरी घट नव्हेच, दाणे पाणी पिऊन फुगतात, वजन दुपटीच्या वर जातं, त्यामुळे तेवढंच फोलेट जास्त वजनात विभागलं जातं. आता डब्यातले बीन्स घ्या. तिथे १०० ग्रॅममागे हा आकडा जेमतेम १० ते २५च्या घरात येतो.

गेलं कुठे सगळं? निम्मं उत्तर सोपं आहे. डब्यात निम्मा सॉस असतो. हाइन्झच्या ब्रिटिश डब्यावर घटकांची यादी वाचा, बीन्स ५१ टक्के. म्हणजे १४०चे ७० इथेच झाले. बाकीचं जातं कारखान्यात. नाव काहीही असो, हे बीन्स भट्टीत भाजलेले नसतात. दाणे गरम पाण्यातून काढतात, टोमॅटो सॉसबरोबर डब्यात भरतात, डबा सील करतात आणि मग रिटॉर्ट नावाच्या अवाढव्य प्रेशर कुकरमध्ये साधारण १२० अंशांच्या आसपास शिजवतात. फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं मोडतं. दाण्यांवरचं गरम पाणी गटारात जाताना थोडं घेऊन जातं, रिटॉर्ट आणखी थोडं संपवतो. ब१ म्हणजे थायमिनचीही तीच गत, तेही उष्णतेला टिकत नाही.

आता ज्यांना हिशेब आवडतो त्यांच्यासाठी. प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम फोलेट लागतं असं अमेरिकी शिफारस सांगते. १०० ग्रॅममध्ये २० धरलं, तर त्यासाठी दोन किलो बेक्ड बीन्स खावे लागतील. ४१५ ग्रॅमचे जवळजवळ पाच डबे. त्यातून पोटात जाणारं मीठ होईल १२ ग्रॅम. म्हणून "प्रेग्नन्सीमध्ये बेक्ड बीन्स खा, फोलेट मिळेल" असं कुणी लिहिलं की माझं डोकं फिरतं. खा की, जरूर खा, पण डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची, म्हणजे फोलेटचीच, गोळी त्यासाठी बंद करू नका.

बाकीच्या व्हिटॅमिन्सचं थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं फारसं नाहीच. क जीवनसत्त्व कोरड्या बीन्समध्ये नसल्यात जमा, टोमॅटोमधलं शिजताना बरंचसं जातं. टोमॅटोमुळे थोडं बीटा कॅरोटीन मिळतं, ज्यातून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. ब६ थोडंसं. ब१२ आणि ड शून्य. पूर्ण वीगन आहार घेणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य परत वाचावं. "मी रोज बीन्स खाते, मला ब१२ची काय गरज" हे मी प्रत्यक्ष ऐकलेलं आहे.

मग खायचं कशासाठी? जे उष्णतेनं मरत नाही त्यासाठी. फायबर, प्रोटीन आणि खनिजं रिटॉर्टमधून तावूनसुलाखून बाहेर पडतात, त्यांचं काही बिघडत नाही.

फायबरबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण बेक्ड बीन्सचा खरा जीव तिथे आहे आणि त्याबद्दल कुणी पोस्ट लिहीत नाही. अर्धा डबा, म्हणजे साधारण २०० ग्रॅम बीन्समधून सात-आठ ग्रॅम फायबर मिळतं. ब्रिटनमध्ये प्रौढांसाठी दिवसाला ३० ग्रॅमची शिफारस आहे आणि बहुतेक लोक तिथवर पोचत नाहीत. एका बशीतून त्याचा पाव हिस्सा, तोही काही न चिरता न सोलता, डबा उघडून. एवढ्या कमी कष्टात एवढं फायबर देणारे पदार्थ फार नाहीत. शिवाय हे नुसतं कोंड्यासारखं कोरडं फायबर नाही. यातला काही भाग पाण्यात विरघळणारा असतो. तो आतड्यात घट्टसर होतो आणि साखर रक्तात जायचा वेग मंदावतो. म्हणूनच सॉसमध्ये साखर असूनही बेक्ड बीन्सचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगानं वाढते याचा आकडा) साधारण ४० ते ५०च्या घरात, म्हणजे कमी गटात येतो. पांढऱ्या ब्रेडचा ७० ते ७५ असतो.

जे लहान आतड्यात पचत नाही ते मोठ्या आतड्यात जातं, आणि तिथले जिवाणू त्याची वाटच बघत असतात. बीन्समध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडायला लागणारं एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नाही, जिवाणूंकडे आहे. ते त्या साखरा आणि फायबर आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्या ब्युटिरेटवर जगतात. आणि हो, त्याच उद्योगातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेनही तयार होतो. त्याचा पुढचा प्रवास सगळ्यांना माहीत आहे, लिहायची गरज नाही. ज्यांना हा त्रास फार होतो त्यांनी चार-पाच चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवावं. बऱ्याच जणांचं पोट काही आठवड्यांत रुळतं. आयबीएस (आतड्याचा एक जुनाट त्रास) असलेल्यांचं मात्र वेगळं असतं, त्यांना "सवय होईल" असा सल्ला देणाऱ्यांनी जरा थांबावं.

कोलेस्टेरॉलचाही मुद्दा आहे. २०१४ साली कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २६ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला होता. रोज साधारण १३० ग्रॅम कडधान्यं खाणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे "वाईट" कोलेस्टेरॉल, सरासरी पाच टक्क्यांनी उतरलं होतं. हे सगळ्या प्रकारच्या कडधान्यांबद्दल आहे, फक्त बेक्ड बीन्सबद्दल नव्हे. पाच टक्के ऐकून कुणी औषध सोडू नये, पण नुसत्या जेवणातून एवढं होत असेल तर वाईट काय?

प्रोटीन अर्ध्या डब्यात नऊ-दहा ग्रॅम. प्रोटीन ज्या छोट्या घटकांचं बनतं त्यांना अमायनो आम्लं म्हणतात. बीन्समध्ये त्यांतलं लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी, गव्हात नेमकं उलटं. ब्रिटिश माणूस टोस्टवर बीन्स ओतून खातो, त्यात ही जोडी आपोआप जुळते. त्याला बिचाऱ्याला अमायनो आम्लं माहीत नसतात. (दोन्ही एकाच ताटात असलीच पाहिजेत असं नाही, दिवसभरात मिळाली तरी चालतं. एकाच ताटात हवीत ही जुनी समजूत अजून लोकांच्या मानगुटीवरून उतरत नाही.)

लोह अर्ध्या डब्यात साधारण अडीच मिलिग्रॅम. ऐकायला बरं वाटतं, पण हे वनस्पतींमधलं लोह आहे आणि बीन्समधलं फायटेट नावाचं द्रव्य ते पकडून ठेवतं, त्यामुळे शरीराला त्यातला लहानसाच भाग मिळतो. बरोबर क जीवनसत्त्व असलेलं काही घेतलं, लिंबू पिळलं, कच्ची ढोबळी मिरची घातली, तर शोषण वाढतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी होतं. पोटॅशियम मात्र चांगलं, २०० ग्रॅममध्ये साधारण ६०० मिलिग्रॅम. किडनीच्या रुग्णांना पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलेलं असेल, तर हाच गुण दोष ठरतो. त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं.

आता नावं ठेवण्याकडे येते. सगळ्यात आवडता आरोप, "डब्यातलं आहे, म्हणजे निकृष्ट". डबा बिचारा निर्दोष आहे. हवाबंद आणि निर्जंतुक असल्यामुळे तो वर्षानुवर्षं टिकतो, त्यासाठी वेगळं प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागत नाही. दुसरा, जरा शिकलेला आरोप म्हणजे "हे अल्ट्रा-प्रोसेस्ड आहे". साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेरो यांनी २००९ साली अन्नाची अशी वर्गवारी मांडली, तिला नोव्हा म्हणतात. तिच्या काटेकोर नियमाप्रमाणे सॉसमध्ये मॉडिफाइड कॉर्नफ्लोअर (कारखान्यात प्रक्रिया केलेला मक्याचा स्टार्च) असलं की बेक्ड बीन्स चौथ्या, म्हणजे सगळ्यात बदनाम गटात जाऊन बसतात. शेजारी कोण, तर कोल्ड्रिंक आणि चिप्स. मोंतेरो यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण १०० ग्रॅममागे ०.२ ग्रॅम फॅट आणि जवळजवळ चार ग्रॅम फायबर असलेला पदार्थ चमचाभर स्टार्चसाठी कोल्ड्रिंकच्या रांगेत उभा करायचा, हे मला पटत नाही. वर्गवारी लोकसंख्येच्या आहाराचा अभ्यास करायला ठीक आहे, एकेका डब्याचा न्याय तिच्यावर करू नये.

बोट ठेवायचंच असेल तर सॉसवर ठेवा. ब्रिटिश पद्धतीच्या अर्ध्या डब्यात साधारण नऊ ग्रॅम साखर आणि सव्वा ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे, म्हणजे एका बशीत पाव कोटा संपला. वर टोस्ट, टोस्टवर लोणी, सोबत चीज, सगळ्यांत मीठ. रक्तदाब असलेल्यांनी आणि लहान मुलांना भरवणाऱ्यांनी इथेच लक्ष द्यायचं आहे. साखरेच्या आकड्यात टोमॅटोची आणि बीन्सची स्वतःची साखरही धरलेली असते, पण वरून घातलेलीही असतेच. अमेरिकी पद्धतीचे बीन्स याहून गोड असतात. त्यांत ब्राउन शुगर किंवा मोलॅसेस (साखर काढल्यावर उरणारा दाट काळा पाक) असतं आणि अर्ध्या कपातच दहा-बारा ग्रॅम साखर निघू शकते. मोलॅसेसमध्ये लोह असतं म्हणून ते पौष्टिक, असा युक्तिवाद कुणी करू नये, बशीत येणारं प्रमाण फार छोटं असतं. शाकाहारी मंडळींनी अमेरिकी डब्याचं लेबल दोनदा वाचावं, त्यांतल्या काहींत डुकराचं मांस किंवा चरबी असते.

आणि एक गंमत. ब्रिटनच्या "दिवसाला पाच भाज्या-फळं" या हिशेबात ८० ग्रॅम बीन्स एक भाग धरतात, पण दिवसातून एकदाच. अख्खा डबा संपवला तरी तो एकच भाग. हा नियम मला योग्य वाटतो, कारण जी व्हिटॅमिन्स बीन्समध्ये नाहीत ती दुसऱ्या रंगाच्या भाज्यांतूनच यायची आहेत.

टोमॅटोच्या लायकोपीनबद्दल, म्हणजे त्याच्या लाल रंगद्रव्याबद्दल, विचारणारे भेटतात. शिजवलेल्या टोमॅटोतून ते कच्च्यापेक्षा जास्त शोषलं जातं हे खरं. पण त्याला फॅट लागतं आणि बीन्समध्ये ते नाही, म्हणून वरून चमचाभर तेल घाला. त्यापुढचे लायकोपीनचे चमत्कार मी तरी सांगत फिरणार नाही.

मी स्वतः काय करते? लेबलांची तुलना करते आणि मीठ-साखर कमी असलेला डबा घेते. काही "साखर न घातलेल्या" डब्यांत गोडीसाठी स्वीटनर असतं, ते चालत असेल तर घ्यावं. नाहीतर नुसत्या पाण्यातले पांढरे बीन्स मिळतात, ते गाळून धुतले की जवळपास ४० टक्के सोडियम निघून जातं. सॉस मग आपला आपण करायचा, टोमॅटो, कांदा, लसूण, थोडं तेल. अगदी कोरड्या दाण्यांपासून करायचे असतील तर रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, आणि नव्या पाण्यात सुरुवातीची किमान दहा मिनिटं खळखळून उकळू द्या. राजम्याच्या जातीच्या सगळ्या दाण्यांत लेक्टिन नावाचा विषारी घटक कमीजास्त असतो, लाल राजम्यात सर्वात जास्त. अर्धवट शिजलेले दाणे पोटात गेले तर काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. स्लो कुकरमध्ये कोरडे दाणे थेट टाकू नका, तिथलं तापमान त्यासाठी पुरत नाही. आधी गॅसवर उकळा, मग हवं तर स्लो कुकरमध्ये घाला.