दाराबाहेरची दोन मिनिटं लेखात यायला हवी होती

घरात नवरा बायकोला मारतोय अशा कॉलवर गेलेल्या पोलिसांबद्दलचा लेख वाचला. पोलिसांनी थेट दार तोडलं हेच खरं धाडस, हे त्यातलं मत अपुरं वाटलं. घरात चाकू घेतलेला माणूस आणि दाराबाहेर फक्त दोन बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, असताना धाडस आधीच सुरू झालेलं असतं. दारासमोर नाही, भिंतीच्या आडोशाला उभं राहायचं. वॉचमनकडून आत किती माणसं, मुलं आहेत का, ते विचारायचं. खालच्या मजल्यावरचा फ्लॅट बहुधा तशाच रचनेचा असतो, त्यावरून स्वयंपाकघर कुठे ते कळतं. गॅसचा वास आला तर बेल वाजवायची नाही, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, ठिणगी पुरते. आत गेल्यावर नवरा-बायकोला एकमेकांच्या नजरेआड न्यायचं, स्वयंपाकघरात तर अजिबात थांबू द्यायचं नाही. आणि नवऱ्याला बेड्या घालताना मार खाल्लेली बायकोच अंगावर धावून येऊ शकते, त्यामुळे एकाचं लक्ष तिच्याकडे हवंच.

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या टॉवरवाल्यांनो, मदतीसाठी ११२ ला फोन करताना फक्त कॉम्प्लेक्सचं नाव सांगू नका. लोकेशनवरून मजला कळत नाही. विंग, मजला, फ्लॅट नंबर आणि हत्यार आहे का, एवढं सांगा. आणि लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवायला कुणाला तरी पाठवा.