मुंबईच्या बागा ‘देऊन टाका’ म्हणणाऱ्यांना

सध्या एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मुंबईत नव्या बागांना जागा उरलेली नाही, बोरिवलीचं नॅशनल पार्क असताना गल्लीबोळातल्या बागा हव्यात कशाला, आहेत त्या ओस पडलेल्या असतात, फुकट असल्यामुळे घाण होतात, तेव्हा तिकीट लावा, नाहीतर खासगी संस्थांच्या ताब्यात द्या. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

जागेची रड मुंबईत जुनीच आहे. मलबार हिलचं हँगिंग गार्डन 1881 साली उभं राहिलं ते पाण्याच्या जलाशयाच्या छतावर. माझगावची जोसेफ बाप्टिस्टा बागसुद्धा भंडारवाड्याच्या जलाशयावरच आहे. धारावीला लागून असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर कचऱ्याच्या डंपिंग ग्राउंडवर झाडं लावून उभं केलं. 1994 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. बाग करायचीच असं ठरलं तेव्हा जागा सापडली.

नॅशनल पार्क हे शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आहे, बिबट्यांचं घर आहे. ते जपलंच पाहिजे. पण लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या आजीला संध्याकाळी पाय मोकळे करायला बोरिवली गाठायला सांगणार का? बाग चालत जाण्याच्या अंतरावर हवी.

आता ‘ओस पडतात’ हा मुद्दा. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. मुंबईत कित्येक वर्षं अनेक बागांना ऐन दुपारी कुलूप लागायचं. त्या वेळेला डिलिव्हरीवाल्या पोराला, घरकामं आटोपून पुढच्या घरी निघालेल्या बाईला, घरी अभ्यासाला कोपरा नसलेल्या मुलाला घटकाभर सावली हवी असते. गेट बंद ठेवायचं आणि लोक येत नाहीत म्हणायचं, हे कुठलं गणित? बाग उघडी असूनही रिकामी दिसली, तर आत जाऊन नीट बघा. स्वच्छतागृहाला कुलूप आहे का? बाकडी भर उन्हात आहेत का? पिण्याच्या पाण्याच्या नळाची तोटी जागेवर आहे का? घसरगुंडीखाली वाळू आहे की पेव्हर ब्लॉक? स्वच्छतागृह बंद असलं की सगळ्यात आधी बायका आणि म्हातारी माणसं यायची बंद होतात. मग बाग ‘ओस’ पडते.

तिकिटाचं उदाहरण राणीबागेचं देतात. 2017 मध्ये तिथला मोठ्या माणसाचा दर 5 रुपयांवरून 50 रुपये झाला. प्राणिसंग्रहालयाचा खर्च वेगळा असतो, माणूस तिथे वर्षातून एखाद-दोनदा जातो. वस्तीतल्या बागेत मूल रोज जातं. दोन मुलांचे रोज पाच-पाच रुपये धरले, तरी महिन्याचे तीनशे होतात. ज्यांना बागेची खरी गरज आहे, तीच मुलं रस्त्यावर खेळायला लागतील. आणि स्वच्छता झाडूवाला आणि कचऱ्याचा डबा असल्यावर होते. तिकीट फाडून होत नाही.

राहिलं खासगी संस्थांना देणं. ते करून झालंय. देखभालीच्या नावाखाली दिलेल्या काही मोकळ्या भूखंडांवर क्लब उभे राहिले आणि ज्यांच्यासाठी जागा राखीव होती ते बाहेर राहिले. जानेवारी 2016 मध्ये पालिकेनं असंच धोरण पुन्हा मंजूर केलं. लोकांनी एवढा विरोध केला की मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. ओव्हल मैदान रहिवाशांच्या संस्थेनं उत्तम सांभाळलं, हे मान्यच आहे. पण ते जमलं कारण तिथे बांधकाम झालं नाही आणि मैदान सगळ्यांना खुलं राहिलं.

तेव्हा संस्थेशी करार करायचाच असेल, तर झाडलोट, झाडांची निगा आणि दुरुस्ती एवढ्यापुरताच करा. बांधकाम, तिकीट आणि वेळा ठरवण्याचा हक्क त्यात नको. आणि तो करार मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असा, बागेच्या गेटवर लावा.